धर्मश्रद्धा, पोशाख आणि डोक्यावरचे वस्त्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धर्मश्रद्धा पोशाखातून व्यक्त व्हावी का? थेट उत्तर काय?

ज्याची श्रद्धा आहे त्याला तसे वाटत असेल तर व्हावी, वाटत नसेल तर होऊ नये. हे उत्तर पळवाटेसारखे भासण्याची शक्यता आहे. पण "व्हावी का" या प्रश्नात नेहमी एक तिसरा माणूस दडलेला असतो, जो दुसऱ्याच्या डोक्यावर काय असावे आणि काय नसावे हे ठरवू पाहतो. कधी तो घरातला वडीलधारा असतो, कधी धर्मगुरू, कधी मुख्याध्यापक, तर कधी अख्खे कायदेमंडळ. या वादात कापडापेक्षा हा तिसरा माणूस अधिक महत्त्वाचा आहे, असे माझे मत आहे. तो आज्ञा देत असो वा बंदी घालत असो, आधी त्याने आपले कारण सांगितले पाहिजे, आणि त्या कारणात दुसऱ्या कोणाची तरी खरीखुरी अडचण दिसली पाहिजे. केवळ त्याला ते कापड खुपते, एवढे पुरेसे नाही.

धर्मग्रंथांत पोशाखाची आज्ञा खरोखर असते का, की ती नंतरची रूढी असते?

दोन्ही गोष्टी आढळतात, आणि त्यांचे प्रमाण धर्मागणिक बदलते. ज्यूंच्या तोरा या धर्मग्रंथामध्ये, गणना या ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात, वस्त्राच्या कोपऱ्यांना गोंडे लावावेत आणि त्यांत निळा दोरा असावा, अशी स्पष्ट आज्ञा आहे. मात्र ज्यू पुरुषाची जी खूण जगभर ओळखली जाते, ती डोक्यावरची लहान गोल टोपी, म्हणजे किप्पा, तोरामध्ये कुठेच सांगितलेली नाही. ती नंतरच्या परंपरेने रुजवली. म्हणजे ज्याची आज्ञा आहे ते गोंडे फारसे कोणाच्या लक्षात येत नाहीत, आणि ज्याची आज्ञा नाही त्या टोपीवरून न्यायालयात खटले चालतात.

कुराणात चोविसाव्या सूरेच्या ३१ व्या आयतीत स्त्रियांनी आपली ओढणी छातीवर ओढून घ्यावी असे सांगितले आहे. त्याआधीची ३० वी आयत पुरुषांना उद्देशून आहे आणि ती त्यांना नजर खाली ठेवायला सांगते. चर्चेत ती क्वचितच उद्धृत होते. "हिजाब" हा शब्द कुराणात येतो तो प्रामुख्याने पडदा किंवा आडोसा या अर्थाने, आजच्या डोक्यावरच्या वस्त्राचे नाव म्हणून नव्हे. यावरून डोके झाकणे बंधनकारक नाही असा निष्कर्ष काढणारे अभ्यासक आहेत. ओढणी म्हणजे मुळातच डोक्यावरून घेतलेले वस्त्र, त्यामुळे ते गृहीतच धरले आहे, असे सांगणारी पारंपरिक विद्वानांची मोठी परंपराही आहे. हा निवाडा बाहेरच्या माणसाने करू नये.

ख्रिस्ती धर्मात पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रार्थनेच्या वेळी स्त्रीने मस्तक झाकावे आणि पुरुषाने ते उघडे ठेवावे असे म्हटले आहे. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेत स्त्रियांनी चर्चमध्ये डोके झाकण्याचा नियम होता. १९८३ च्या संहितेत तो उरला नाही. पत्र तेच, त्यातले शब्द तेच, पण वाचणारा काळ बदलला. शीख परंपरेत मात्र उगमाचा क्षण नेमका ठाऊक आहे: १६९९ च्या वैशाखीला आनंदपूर येथे गुरू गोविंदसिंगांनी खालसा पंथाची स्थापना केली आणि केस, कंगवा, कडे, कच्छेरा व कृपाण ही पाच चिन्हे पंथाची ओळख ठरली. या पाचांत पगडीचे नाव नाही. न कापलेल्या केसांचे जतन ती करते, म्हणून ती त्यांच्यापासून वेगळी काढता येत नाही.

डोके झाकण्याचा अर्थ सगळीकडे एकच आहे का?

मुळीच नाही. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, शिरताना पुरुष आदराने डोके झाकतो आणि चर्चमध्ये शिरताना तोच आदर दाखवण्यासाठी डोक्यावरची टोपी काढतो. बौद्ध भिक्षू मुंडन करतात, शीख केसाला कात्री लावत नाहीत, आणि दिगंबर जैन मुनी तर वस्त्राचाच त्याग करतात. वैराग्य, शिस्त, लाज, अभिमान, समर्पण असे नाना अर्थ डोक्याशी जोडले गेले आहेत, आणि एका समाजाची खूण दुसऱ्या समाजाच्या कोशात शोधली की गैरसमज ठरलेलाच.

शिवाय डोके झाकण्याची प्रथा आजच्या कोणत्याही एका धर्माची मालमत्ता नाही. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या असिरियन कायद्याच्या मृत्तिकापट्ट्यांवर विवाहित स्त्रियांनी रस्त्यावर डोके झाकावे, असा नियम कोरलेला आहे. गुलाम स्त्रिया आणि वेश्या यांना मात्र डोके झाकण्यास बंदी होती, आणि ती मोडणाऱ्या वेश्येला पन्नास फटके देऊन तिच्या डोक्यावर डांबर ओतावे, असे त्यात लिहिले आहे. तिला पाहूनही तक्रार न करणाऱ्या पुरुषालाही शिक्षा होती. त्या नियमात श्रद्धेचा मागमूस नाही. कोणती स्त्री कोणाची आणि कोणती सर्वांसाठी खुली, हे रस्त्यावरच्या माणसाला दुरून कळावे, एवढाच त्याचा हेतू. सक्ती आणि बंदी एकाच कलमात शेजारी शेजारी नांदत असल्याचे याहून जुने उदाहरण मला ठाऊक नाही.

श्रद्धा मनात असते, मग ती अंगावर मिरवायची कशाला?

हा प्रश्न विचारणारा बहुधा असे धरून चालतो की पोशाख ही जगासाठी लावलेली पाटी आहे. काहींच्या बाबतीत ते खरेही असते. पण अनेकांसाठी पोशाख हे आचरणच असते. पाहणारा कोणी नसला तरी ते चालूच राहते.

पगडी बांधताना एकदा जवळून पाहावे. पाच-सहा मीटर सुती कापड दोघे जण दोन टोकांना धरून ताणतात, लांबीच्या बाजूने त्याच्या घड्या घालतात, मग बांधणारा एक टोक दातांत धरतो आणि डोक्याभोवती एकेक पेच आधीच्या पेचापेक्षा किंचित तिरपा चढवत नेतो. शेवटचे टोक मागे खोचल्यावर धातूच्या बारीक सळईने कपाळावरचे सुटे केस आत सारतो आणि घडीची कड सरळ करतो. रोज सकाळची ही काही मिनिटे दाखवण्यासाठी नसतात, कारण तेव्हा समोर असतो तो फक्त आरसा. त्याला "श्रद्धा मनातच ठेव" असे सांगणे म्हणजे नमाज पढणाऱ्याला किंवा जप करणाऱ्याला "मनात आहे ना, मग बसतोस कशाला" असे विचारण्यासारखे आहे.

आंतरराष्ट्रीय कायदाही हा भेद ओळखतो. नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या अठराव्या कलमानुसार मनातल्या श्रद्धेवर कोणतेच बंधन घालता येत नाही. ती व्यक्त करण्यावर मात्र कायद्याने, आणि सार्वजनिक सुरक्षा, सुव्यवस्था, आरोग्य, नीती किंवा इतरांचे हक्क यांसाठी आवश्यक असेल तेवढेच बंधन घालता येते. या करारावर देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने १९९३ मध्ये दिलेल्या खुलाशात विशिष्ट वस्त्रे आणि डोक्यावरची आवरणे यांचा श्रद्धेच्या अभिव्यक्तीत नाव घेऊन समावेश केला आहे.

पोशाखावरून माणसाची श्रद्धा किती खोल आहे हे ओळखता येते का?

नाही. पोशाखावरून फार तर तो कोणत्या समुदायाशी नाते सांगतो ते कळते. त्यापुढचे सगळे अंदाज असतात, आणि ते बहुतेकदा अंदाज करणाऱ्याबद्दलच अधिक सांगून जातात.

सक्ती वाईट आहे हे मान्य, पण बंदीने तर स्त्री मुक्त होते ना?

या प्रश्नाचे उत्तर इराणच्या इतिहासात दोनदा मिळते. १९३६ मध्ये रझा शाह यांनी आधुनिकतेच्या नावाखाली स्त्रियांच्या बुरख्यावर आणि चादरीवर, म्हणजे डोक्यावरून अंगभर घेण्याच्या वस्त्रावर, बंदी घातली. पोलीस रस्त्यात स्त्रियांच्या डोक्यावरची वस्त्रे ओढून काढत, आणि ज्यांना उघड्या डोक्याने बाहेर पडणे असह्य होते त्या अनेक स्त्रियांनी घराचा उंबरठा ओलांडणेच सोडले. १९७९ च्या क्रांतीनंतर चक्र उलटे फिरले: डोके झाकणे हळूहळू सक्तीचे झाले आणि १९८३ पर्यंत ते न झाकणाऱ्या स्त्रीला फटक्यांची शिक्षा कायद्यात आली. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या २२ वर्षांच्या तरुणीचा, हिजाब नीट न घातल्याच्या आरोपावरून नीतिरक्षक पोलिसांच्या ताब्यात असताना, मृत्यू झाला आणि देशभर आंदोलन पेटले. दोन परस्परविरोधी राजवटी, पण दोन्हीकडे स्त्रीच्या डोक्यापर्यंत पोहोचणारा हात पोलिसाचाच होता. आजीच्या डोक्यावरून कापड ओढले गेले आणि नातीच्या डोक्यावर लादले गेले, असे एकाच घरात घडू शकले असते.

पुरुषही यातून सुटलेले नाहीत. उस्मानी सुलतान दुसरा महमूद याने १८२९ मध्ये पागोट्याऐवजी फेझ टोपी आणली ती आधुनिकतेची खूण म्हणून. १९२५ मध्ये तुर्की प्रजासत्ताकाने त्याच फेझवर बंदी घातली ती मागासलेपणाची खूण म्हणून, आणि तिच्या जागी युरोपीय हॅट सक्तीची केली. शंभर वर्षांच्या आत एकच टोपी पुढारलेली आणि मागासलेली दोन्ही ठरली.

एखादी स्त्री "ही माझी निवड आहे" असे म्हणते, पण ती दडपणाखाली बोलत असेल तर?

ही शंका रास्त आहे, आणि ती झटकून टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. घरचे लोक, नातेवाईक, वस्ती यांचे दडपण खरे असते. लहानपणापासून "चांगल्या घरातल्या मुली असेच राहतात" हे ऐकलेल्या मुलीच्या निवडीत तिचे स्वतःचे किती आणि इतरांचे किती, हे तिलाही नेमके सांगता येणार नाही. परंतु हेच आपल्यापैकी कोणाच्याही लग्नाच्या, नोकरीच्या किंवा केशरचनेच्या निवडीबद्दलही म्हणता येते. एका विशिष्ट धर्माच्या स्त्रीचीच निवड तेवढी संशयास्पद आणि बाकी सगळ्यांची मुक्त, असे धरणे न्यायाचे नाही.

व्यवहारातली कसोटी अशी असावी: वस्त्र काढल्यास तिला मारहाण, धमकी, शिक्षणबंदी किंवा घराबाहेर काढणे यांना तोंड द्यावे लागते का? तसे असेल तर धमकी देणाऱ्यावर कारवाई व्हावी, आणि तिला आसरा, पैसा व शिक्षण मिळावे. धमकी देणारा घरात सुरक्षित बसून राहतो आणि दंडाची पावती मात्र तिच्या हातात पडते, असा कायदा दडपणाच्या विरोधात आहे असे म्हणता येत नाही.

डोके झाकणे आणि चेहरा झाकणे यांत फरक करावा का?

करावा. चेहऱ्यावरून ओळख पटते, हावभाव कळतात, आणि पासपोर्ट तपासणी, साक्ष किंवा परीक्षा अशा प्रसंगी चेहरा दाखवायला सांगण्यात गैर काही नाही, विशेषतः स्त्री अधिकाऱ्याकडून आणि आडोशाला तपासणी होत असेल तर. पासपोर्टच्या छायाचित्रात धार्मिक कारणासाठी डोके झाकलेले चालते, चेहरा मात्र पूर्ण दिसावा लागतो. ही तडजोड अनेक देशांत वर्षानुवर्षे सुरळीत चालू आहे.

प्रश्न उरतो तो रस्त्यावरून नुसते चालताना चेहरा झाकण्याचा. फ्रान्सने २०१० च्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यावर बंदी घातली. २०१४ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने सुरक्षेचा मुद्दा अपुरा मानला, पण "एकत्र राहण्याच्या" किमान अटी जपण्याच्या कारणावरून बंदी उचलून धरली. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने त्याच कायद्याखाली दोन स्त्रियांना झालेल्या शिक्षेत हक्कभंग झाल्याचे म्हटले. दोन प्रतिष्ठित संस्थांची ही परस्परविरोधी मते वाचल्यावर मला दुसरे अधिक पटते, कारण "एकत्र राहणे" हे कारण इतके सैल आहे की त्यात बहुसंख्यांना न रुचणारी कोणतीही गोष्ट बसवता येईल. पुढे २०२० मध्ये साथीच्या काळात त्याच देशात तोंडावर मास्क लावणे सक्तीचे झाले, आणि चेहरा अर्धा झाकूनही समाज चालतो हे सर्वांनी अनुभवले.

शाळेत गणवेश असताना धार्मिक खूण का चालवून घ्यावी?

गणवेशामागचा हेतू चांगला आहे: श्रीमंत आणि गरीब मुलांतला फरक कपड्यांतून दिसू नये. त्याच रंगाची ओढणी किंवा पगडी घेतल्याने हा हेतू कसा बिघडतो, याचे समाधानकारक उत्तर मी अजून ऐकलेले नाही. ब्रिटनमध्ये १९८३ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने पगडी घालणाऱ्या शीख मुलाला खासगी शाळेने नाकारलेला प्रवेश बेकायदा ठरवला. फ्रान्सने मात्र २००४ मध्ये सरकारी शाळांत ठळकपणे दिसणाऱ्या धार्मिक खुणांवर बंदी घातली, आणि २०२३ मध्ये अबाया या सैल, लांब झग्यालाही त्याच नियमाखाली आणले. हा झगा धार्मिक आहे की नुसताच लांब, हे ठरवायचे काम त्यामुळे शाळेच्या फाटकावर उभ्या असलेल्या माणसावर येऊन पडते. मुलीचे नाव आणि वर्ण न पाहता, केवळ कापड पाहून तो हे कसे ठरवणार?

भारतात कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये वर्गातील हिजाबबंदी वैध ठरवली, तर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. बंदी चुकीची मानणाऱ्या न्यायमूर्तींनी मुलींच्या शिक्षणाचा मुद्दा पुढे ठेवला होता, आणि माझ्याही लेखी तोच निर्णायक आहे. जी मुलगी डोके झाकूनच घराबाहेर पडू शकते, तिच्यासाठी फाटकावरची बंदी डोके उघडत नाही, शाळा बंद करते.

अगदी लहान मुलांचा प्रश्न वेगळा आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या निवडीला निवड म्हणणे ताणलेलेच ठरेल. तेथे पालकांशी बोलणे हा मार्ग आहे, आणि तो वेळखाऊ आहे.

न्यायाधीश, पोलीस, शिक्षक यांनी तरी खुणा टाळाव्यात ना?

या प्रश्नावर माझे मत पूर्ण पक्के झालेले नाही. सरकारी अधिकार ज्याच्या हातात आहे त्याने निःपक्षपाती असावे आणि तसे दिसावेही, हा युक्तिवाद वजनदार आहे. कॅनडातील क्युबेक प्रांताने २०१९ मध्ये याच कारणासाठी सरकारी वकील, पोलीस आणि सरकारी शाळांतील शिक्षक यांना कामावर धार्मिक खुणा वापरण्यास बंदी केली. त्याच कॅनडाच्या संघीय पोलीस दलाने मात्र १९९० मध्येच पगडीला गणवेशात स्थान दिले होते. शिक्षक आणि न्यायाधीश यांना एकाच तराजूत तोलणे मला पटत नाही: न्यायाधीशासमोर उभा राहणारा माणूस तेथे स्वखुशीने आलेला नसतो आणि त्याचे सर्वस्व पणाला लागलेले असते. पण उघड्या डोक्याचा न्यायाधीश आपोआप तटस्थ असतो, हे गृहीतकही तपासून पाहायला हवे.

सुरक्षेचे कारण कुठे खरे आणि कुठे निमित्त असते?

नेमका धोका सांगता येतो का, एवढे पाहावे. २०१३ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने एकाच दिवशी दोन ब्रिटिश महिलांच्या क्रॉसबद्दल निकाल दिला. विमान कंपनीच्या काउंटरवर काम करणाऱ्या महिलेची बाजू मान्य झाली, कारण गळ्यातल्या लहान क्रॉसने कोणाचेच नुकसान होत नव्हते. परिचारिकेची मागणी फेटाळली गेली, कारण रुग्णाने साखळी ओढली तर दोघांना इजा होऊ शकते आणि साखळी उघड्या जखमेला लागू शकते. क्रॉस सारखाच, श्रद्धा सारखीच, फरक फक्त खाटेवरच्या रुग्णाचा. प्रयोगशाळेतही हेच तत्त्व लागू होते: बर्नरजवळ ओढणीची सुटी टोके धोक्याची असतात, म्हणून ती आत खोचावीत किंवा घट्ट बसणारे आवरण वापरावे, त्यासाठी विद्यार्थिनीला बाहेर काढण्याची गरज नसते.

दुचाकीवरील शिरस्त्राणाच्या बाबतीत ब्रिटनने १९७६ मध्ये पगडीधारी शिखांना कायद्याने सूट दिली, आणि भारतातील मोटार वाहन कायद्यातही तशी सूट आहे. येथे धोका मुख्यतः स्वतः चालवणाऱ्याला असतो, म्हणून ती मान्य करणे तुलनेने सोपे. कृपाणाबद्दल कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सरसकट बंदी नाकारली. ती म्यानात, शिवून बंद केलेली आणि कपड्यांच्या आत असेल तर शाळेत चालेल, असा मार्ग मान्य केला.

उद्या कोणीही काहीही डोक्यावर घालून "हा माझा धर्म आहे" म्हणेल, त्याचे काय?

म्हणतातच. ऑस्ट्रियात २०११ मध्ये एका नास्तिक गृहस्थाने, धर्माला मिळणाऱ्या सवलतींची थट्टा म्हणून, डोक्यावर चाळणी घालून काढलेले छायाचित्र वाहन परवान्यावर लावून घेतले. पुढे अधिकाऱ्यांनी खुलासा केला की धर्माचा प्रश्न आलाच नव्हता. चेहरा पूर्ण दिसत होता, म्हणून छायाचित्र चालले. थट्टा बाजूला ठेवली तर हे उत्तर फार शहाणपणाचे आहे. नियम कामापुरता असला की श्रद्धा खरी की खोटी याचा पंचनामा करावा लागत नाही. न्यायालये जेव्हा "ही प्रथा धर्माचा आवश्यक भाग आहे का" असे विचारू लागतात, तेव्हा न्यायाधीशांना धर्मपंडिताची खुर्ची घ्यावी लागते, आणि त्या खुर्चीत ते अवघडलेलेच दिसतात.

खासगी मालक नोकरीत अशी अट घालू शकतो का?

देशागणिक उत्तर वेगळे आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये, मुलाखतीला डोके झाकून आलेल्या तरुणीला दुकानाच्या "दिसण्याच्या धोरणामुळे" नाकारणाऱ्या कपड्यांच्या कंपनीविरुद्ध निकाल दिला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१७ मध्ये सर्व धर्मांना आणि विचारांना समान लागू होणारे तटस्थतेचे धोरण चालू शकते असे म्हटले. मात्र एखाद्या ग्राहकाला हिजाब आवडत नाही हे कारण पुरेसे मानले नाही.

कोणाला त्याच्या पोशाखाबद्दल विचारले तर ते असभ्य ठरते का?

ओळख असेल आणि उत्तर ऐकण्याची तयारी असेल तर नाही. हात लावून पाहणे मात्र कोणत्याही परिस्थितीत असभ्यच.

एखाद्याने असा पोशाख घालणे सोडले, तर त्याची श्रद्धा संपली असे समजावे का?

फ्रान्समध्ये १६३३ मध्ये स्थापन झालेल्या "डॉटर्स ऑफ चॅरिटी" या सेवाभावी संघातील भगिनींनी सुरुवातीला मुद्दाम त्या भागातल्या साध्या शेतकरी बायकांसारखाच वेश स्वीकारला होता, कारण त्यांना रस्त्यांवर आणि आजाऱ्यांच्या घरी सहज वावरायचे होते. पुढे गावातल्या बायकांचे कपडे बदलत गेले, भगिनींचे तेच राहिले, आणि पांढरी, स्टार्च केलेली, पक्ष्याच्या पसरलेल्या पंखांसारखी दिसणारी ती शिरोभूषा जगभर त्यांची धार्मिक खूण झाली. जी वस्तू गर्दीत मिसळण्यासाठी होती, तीच त्यांना गर्दीतून वेगळे काढू लागली. सप्टेंबर १९६४ मध्ये ती शिरोभूषा उतरवण्यात आली आणि तिच्या जागी साधे वस्त्र आले. रुग्णांची सेवा करण्याचे व्रत त्या भगिनी आधीप्रमाणेच दरवर्षी नव्याने घेत राहिल्या.